सातासमुद्रापारचा आहेर

आश्विन शुद्ध प्रतिपदेच्या सकाळी तोफेची सलामी होते, श्री अंबाबाईच्या मंदिरात घट बसतो आणि करवीरनगरीचे रूपच पालटून जाते. महाद्वारापासून दर्शनाच्या रांगा लागतात, घराघरांतून देवापुढे माळा चढू लागतात, नऊ दिवस नंदादीप तेवत राहतो. या मंगल दिवसांत आपल्या पेठापेठांतून आणखी एक दृश्य अलीकडे दिसू लागले आहे. दाराशी गाडी थांबते, तिच्यातून चाकांच्या मोठमोठ्या बॅगा उतरतात आणि परदेशी स्थायिक झालेला मुलगा, त्याची पत्नी आणि उंबऱ्याशी बुजून उभी राहिलेली नातवंडे घरात येतात. सासूबाई भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पदराने डोळे टिपतात, नातवाच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडतात. मग चहापाणी होते आणि त्या बॅगा उघडण्याची वेळ येते. त्या वेळेविषयीच आज चार शब्द लिहावेत असे मनात आहे.

“यंदा येताना सासूबाईंसाठी काय आणू?” असा प्रश्न परदेशातल्या सुनांना दरवेळी पडतो. माझ्या नात्यातल्या, शेजारच्या मुली मला तो फोनवरून विचारतात. प्रश्न साधा दिसतो, पण त्यामागे केवढी धाकधूक असते! जे न्यावे ते सासूबाईंच्या मनास येईल का, थोडे तर वाटणार नाही ना, फार झाले तर डामडौल तर म्हणणार नाहीत ना, अशा नाना शंका त्या बिचारीच्या मनात घोळत असतात. विमानात बसण्यापूर्वीचे चार रविवार ती दुकाने पालथी घालते आणि अखेर काहीतरी महाग उचलून आणते. महाग वस्तूत चूक होण्याचा संभव कमी, असा तिचा समज असतो. हा समज खरा नाही, हे मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या धर्माचारात देण्याघेण्याचे किती बारीक विधी सांगितले आहेत! श्रावणातल्या मंगळागौरीचे वाण नवविवाहित लेक आपल्या आईला देते. अधिक मासात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण दिले जाते. पहिल्या संक्रांतीला सासू सुनेच्या अंगावर हलव्याचे दागिने घालते. लग्नात विहिणीचा मान तर केवढा! उत्तरेकडे करवा चौथीला सून सासूच्या हाती वाण देते, परंतु आपल्याकडे सुनेने सासूला अमुक एक द्यावे असा ठळक नियम सहसा आढळत नाही. असे का असावे? मला वाटते, याचे उत्तर लग्नातल्या ऐरणीदानात आहे. दिवे लावलेली ती वेळूची दुरडी सासूसासऱ्यांच्या मस्तकी धरतात आणि आमची मुलगी आता तुमची, तिचा सांभाळ करा, अशी विनवणी करतात. सुनेकडून सासूला मिळावयाचा आहेर त्या दिवशीच मिळालेला असतो. तो आहेर म्हणजे ती मुलगी स्वतः. मागाहून जे काही येईल ते या पहिल्या आहेराच्या पदरी बांधलेली पुरवणी होय.

पूर्वी मात्र परदेशच्या वस्तूचे अप्रूप निराळे होते, हे मान्य केले पाहिजे. १९९१ साली आर्थिक धोरण बदलले, त्याआधी परदेशी वस्तू घरात येणे ही गल्लीतली वार्ता होई. कुणाच्या घरी आखातातून टेपरेकॉर्डर आला, कुणाकडे न चुरगळणारी साडी आली, की बायका मुद्दाम पाहावयास जात. आता ती परिस्थिती उरली नाही. ज्या साबणाचा, ज्या चॉकलेटांचा, ज्या भांड्यांचा एके काळी लौकिक होता, ती सारी राजारामपुरीतल्या दुकानात मांडलेली असतात. तेव्हा वस्तू केवळ परदेशची म्हणून मोलाची, हा हिशेब आता चुकीचा ठरतो. सोन्याचेही तसेच. २०१६ च्या सामानविषयक नियमांत, वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या स्त्रीला चाळीस ग्रॅमपर्यंत आणि एक लाख रुपये किमतीच्या आतले दागिनेच जकातीवाचून आणता येत होते. नियम वेळोवेळी बदलतात, पण माझे म्हणणे नियमापुरते नाही. ज्या कोल्हापुरात गुजरीसारखी पेठ आहे, हाकेच्या अंतरावर चांदीच्या कामासाठी नावाजलेले हुपरी आहे आणि ज्याच्या नावाचा साज महाराष्ट्रभर मिरवला जातो, त्या गावच्या सासूसाठी सोने दुरून आणण्याचे प्रयोजन काय? दागिना करावयाचाच असेल तर सासूबाईंना बरोबर घेऊन गुजरीत जावे. दुकानात दोघी शेजारी बसतील, सासूबाई चार घडणी नाकारतील, आपल्या लग्नातल्या दागिन्यांच्या कथा सांगतील. त्या कथा ऐकणे हाही आहेरच.

आता वस्तू निवडताना काय पाहावे? देवघर असलेल्या घरात काही पथ्ये आपोआप येतात. चामड्याची पिशवी कितीही उंची असली तरी सोवळ्या सासूबाई ती खुंटीलाच ठेवणार. ज्या अत्तरात मद्यार्क आहे ते देवाला वाहावयास त्या धजणार नाहीत. चॉकलेटच्या खोक्यावर बारीक अक्षरांत अंडे किंवा जिलेटिन लिहिलेले असते, ते आणण्यापूर्वी वाचावे. घरी आल्यावर कुणा नातवाने वाचून दाखवले तर देणारी आणि घेणारी, दोघींनाही अवघडल्यासारखे होते. उलट, आपल्या आचारात रेशमाला आणि लोकरीला सोवळ्यात स्थान आहे. जुन्या बायका सोवळ्यात धाबळी वापरीत, ती लोकरीचीच. म्हणून चांगल्या लोकरीची हलकी शाल ही अशी वस्तू आहे की ती पहाटे काकडआरतीलाही अंगावर घेता येते. केशर आणले तर ते नैवेद्याच्या शिऱ्यात पडते. बदाम, खजूर उपवासाला चालतात आणि नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्या बाईला त्यांचा खरा उपयोग होतो. पोथीची अक्षरे मोठी दिसावीत म्हणून दिव्याचे भिंग आणले तर सासूबाईंना वाचनासाठी कुणाची मिनतवारी करावी लागत नाही.

विजेची उपकरणे आणताना तर विशेष सावधगिरी हवी. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आणि आपल्याकडे २३० व्होल्टची, ही गोष्ट घाईत विसरली जाते. आमच्या ओळखीच्या एका घरी सुनेने मोठ्या हौसेने तिकडचे वाटणयंत्र आणले. दसऱ्याच्या पुरणासाठी सासूबाईंनी ते लावले मात्र, यंत्रातून धूर निघाला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते पुसून, कापडात गुंडाळून कपाटावर ठेवले आणि पुरण पाट्यावर वाटले. सुनेने पुढे कधी विचारले, तर “फार छान चालते हो,” असे त्या सांगत. या लटक्या बोलण्यात माया आहे, हे खरे. परंतु दोघींनी एकमेकींची भीड थोडी कमी केली असती तर ते यंत्रही टिकले असते आणि लटके बोलण्याची पाळीही आली नसती. म्हणून मी सुनांना सांगते, मुलींनो, आणण्यापूर्वी सरळ विचारा. “आई, तुम्हाला काय आणू?” असे नव्हे, कारण त्यावर “काही नको ग, तुम्ही या म्हणजे झाले,” हेच उत्तर यावयाचे. “गुडघे कसे आहेत, पहाटे थंडी वाजते का, पोथी वाचताना दिसते का,” असे विचारा. त्या उत्तरांत वस्तूचे नाव दडलेले असते.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. स्थळ, काळ आणि घेणारी व्यक्ती यांचा विचार करून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. परतफेडीच्या आशेने किंवा मनाविरुद्ध दिलेले ते राजस. आदरावाचून, अयोग्य वेळी, अयोग्य स्थळी दिलेले ते तामस. आहेर म्हणजे दान नव्हे हे मी जाणते, पण कसोटी तीच लावता येईल. चार वर्षे आलो नाही, त्याची भरपाई म्हणून दिलेली भारी वस्तू राजस होय. विमानतळावरच्या दुकानातून निघता निघता उचललेली, चिठ्ठी तशीच लटकत असलेली वस्तू कोणत्या प्रकारात मोडते ते मी सांगावयास नको.

आपल्या गावातच या बाबतीत एक थोर उदाहरण आहे. दरवर्षी नवरात्रात तिरुपतीहून श्री अंबाबाईसाठी मानाचा शालू येतो. देवी बालाजीवर रुसून कोल्हापुरी आली अशी लोकश्रद्धा आहे. करवीरनिवासिनी ही स्वतंत्र आदिशक्ती होय, असे अभ्यासक सांगतात. तो वाद येथे मांडावयाचा नाही. पाहावयाचे ते एवढेच, की दूर देशीहून दर वर्षी, ठरल्या दिवसांत, न चुकता वस्त्र येते. यंदा शालू, पुढल्या वर्षी काही नवलाची वस्तू, असे तेथे होत नाही. त्या वस्त्राचा मान त्याच्या किमतीपेक्षाही त्याच्या न चुकण्यात आहे. पुढे त्या शालूचा लिलाव होतो आणि देवीचा प्रसाद म्हणून तो कुणा भक्ताच्या घरी जातो. देवी आलेले वस्त्र कुलूप लावून साठवीत नाही. सुनांनी यातला पहिला धडा घ्यावा आणि आम्हा सासवांनी दुसरा.

दुसरा धडा आम्हाला फार अवघड जातो. कारण आमच्यापैकी कितीतरी जणींच्या कपाटात परदेशच्या वस्तूंचे एक खण असते. न उघडलेल्या कुप्या, पिशवीतून न काढलेली शाल, कुणाच्या लग्नात नेसू म्हणून ठेवलेली साडी. जपून ठेवणे हे आमचे प्रेम आहे, पण दोन वर्षांनी आलेल्या सुनेने ते खण उघडून पाहिले तर तिला काय वाटेल? आपण आणलेले काही आवडलेच नाही, असेच ना? तेव्हा भगिनींनो, शाल आणली तर ती त्याच दिवशी अंगावर घ्यावी. केशर आणले तर त्याच संध्याकाळी दुधात घालावे आणि ते दूध आधी सुनेच्या हाती द्यावे.

सुनेच्या बॅगेत तिच्या आईसाठीही काही असते, हेही आपण मोठ्या मनाने पाहिले पाहिजे. ज्या माउलीने तिला वाढवून परक्याच्या हवाली केले तिच्यासाठी तिने काय नेले, याची वजने करू नयेत. मंगळागौरीचे वाण आईलाच का देतात, याचा विचार केला तर ही मत्सराची गाठ सुटते. सून आपल्या आईला विसरत नाही, ही आपल्यालाही आश्वासन देणारी गोष्ट आहे.

आता जे सांगावयाचे आहे ते थोडे जड मनाने सांगते. माझे दोन मुलगे. धाकटा गेली अकरा वर्षे परदेशी आहे. थोरला आणि त्याची पत्नी येथे माझ्याजवळ राहतात. तीन वर्षांपूर्वी धाकटी सून नवरात्रात आली तेव्हा तिने माझ्यासाठी एक सुरेख शाल आणली. मला ती फार आवडली. हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी ती दाखवू लागले. “आमच्या धाकटीने आणली हो, केवढ्या लांबून!” असे चार दिवस चालले होते. त्या प्रत्येक बाईला चहा आणून देत होती माझी थोरली सून. आदल्या वर्षी मी आजारी होते तेव्हा रात्र रात्र उशाशी बसली तीच. माझी औषधे, माझा उपासाचा फराळ, देवाची माळ, दाराची रांगोळी, सारे तिच्या हातून होत होते. धाकटीच्या बॅगेतून तिच्या वाट्याला एक लहानशी कुपी आली होती आणि माझ्या बोलण्यात तर तिचे नावही आले नव्हते. ती काही बोलली नाही. चौथ्या माळेच्या संध्याकाळी मात्र कपबश्या उचलताना तिचे डोळे भरलेले मला दिसले.

दुसऱ्या दिवशी ललिता पंचमी होती. त्या दिवशी श्री अंबाबाईची पालखी लवाजम्यासह त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्यामागची कथाही आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. कोल्हासुराशी झालेल्या झुंजीत कामाक्षाने आपल्या योगदंडाच्या बळावर देवदेवतांना शेळ्यामेंढ्या करून टाकले. तेव्हा त्र्यंबोलीने युक्तीने तो दंड हिरावून घेतला, कामाक्षाचा वध केला आणि सर्वांस पूर्वरूप दिले. परंतु पुढे विजयाचा सोहळा झाला तेव्हा तिलाच बोलावणे करावयाचे राहून गेले. ती रुसली आणि नगराबाहेर पूर्वेच्या टेकडीवर जाऊन बसली. चूक कळताच अंबाबाईने काय केले? शालू पाठवला नाही, अलंकार पाठवले नाहीत, निरोप्या धाडला नाही. ती स्वतः, सगळा परिवार घेऊन, सखीच्या दाराशी गेली. तेथे कोहळा फोडून कोल्हासुराच्या वधाचा प्रसंग तिच्यासमोर पुन्हा करून दाखवला, म्हणजे जो सोहळा तिच्यावाचून झाला होता तोच तिच्यादेखत पुन्हा केला. आजही कुमारिकेच्या हातून तो कोहळा फुटतो आणि त्याचा तुकडा मिळावा म्हणून गर्दी लोटते.

त्या गर्दीत उभी असताना मला एकदम उमगले की माझ्या घरची त्र्यंबोली चहाच्या कपबश्या उचलते आहे. संकटात जिने हात दिला तिलाच सोहळ्यात विसरावे, ही चूक देवीकडूनही घडली, अशी कथा आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवली ती उगीच नव्हे. घरी आल्यावर मी दोन्ही सुनांना देवघरात बोलावले. शाल थोरलीच्या खांद्यावर घातली आणि जे चुकले ते चुकले म्हणाले. थोरलीने शाल परत माझ्याच अंगावर घातली. धाकटी क्षणभर गोंधळली, मग तिने जावेचा हात धरला. “वहिनी, मी तिकडे निर्धास्त झोपते ती तुमच्या जिवावर. हे मी कधी बोललेच नाही,” असे ती म्हणाली. त्या वर्षापासून ती येते तेव्हा पहिली पिशवी जावेची उघडते. पिशवीत काय असते याला फारसे महत्त्व नाही. ती पहिली उघडली जाते, याला आहे. शिवाय ती आली की आठ दिवस स्वयंपाकघर आपल्याकडे घेते आणि थोरलीला माहेरी पाठवते. आजवर आमच्या घरात आलेल्या साऱ्या आहेरांत मला हा आठ दिवसांचा आहेर सर्वांत मोलाचा वाटतो.

म्हणून परदेशातल्या माझ्या सर्व सुनांना माझे सांगणे आहे. सासूबाईंसाठी काही आणावयाचे असेल तर सासूबाईंना जी सांभाळते तिच्यासाठी आधी आणा. ती जाऊ असेल, नणंद असेल, शेजारीण असेल, किंवा पगारावर येणारी बाई असेल. तिचा मान झाला म्हणजे सासूबाईंचे पुढले वर्ष सुखात जाते. आणि आम्हा सासवांना सांगणे असे, की दूरच्या सुनेचे कौतुक करताना जवळच्या सुनेकडे पाठ करू नये. जवळचे दिसेनासे होते, हा डोळ्यांचा दोष वयाबरोबर येतो. मनालाही तो जडू देऊ नये.

शेवटी एक जुनी आठवण. आपल्या करवीरचे राजाराम महाराज १८७० साली विलायतेस गेले. परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लॉरेन्स नगरात त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला त्यांचे देहावसान झाले. वयाची एकवीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी देण्यात आला आणि तेथे पुढे उभारलेली त्यांची छत्री आजही पाहावयास मिळते. त्या प्रवासाहून राजवाड्यात काय काय यावयाचे होते कुणास ठाऊक, आली ती केवळ वार्ता. परदेशी गेलेले मूल सुखरूप परत उंबऱ्यावर उभे राहणे म्हणजे काय, हे या गावाला दीडशे वर्षांपूर्वीच कळलेले आहे. आज प्रवास सोपा झाला आहे, रोज व्हिडिओ कॉलवर तोंड दिसते, म्हणून त्या उभे राहण्याचे मोल उणे होत नाही. बॅगा उघडण्यापूर्वी घटकाभर हे आठवावे.

निघण्याच्या दिवशी सासूबाई सुनेची ओटी भरतात. विमानाच्या नियमांमुळे नारळ येथेच ठेवावा लागला तरी खण आणि मूठभर तांदूळ पदरात जातातच. त्याबरोबर चटणीची पुडी, मेतकूट, गुळाचा खडा. या वस्तूंची किंमत कोणती सून कधी विचारते? तिकडे पोहोचल्यावर ते तांदूळ ती आपल्या घरच्या तांदळात मिसळते आणि पहिला भात देवापुढे ठेवते. ज्या मनाने ती ते तांदूळ नेते त्याच मनाने तिने सासरी यावे, आणि आपणही त्याच मनाने तिचे घ्यावे. ज्या घरी कुणी दूर असेल त्या घरी त्याचे वेळेवर येणे घडो, आणि ज्या घरी कुणी रुसून टेकडीवर बसले असेल त्याच्या दाराशी आपणच आधी जाण्याची बुद्धी होवो, हीच जगदंबेच्या चरणी प्रार्थना.